स्नान आणि विसर्जन

मुलास कोणत्या भाषेतून शिकवावे, या प्रश्नाचा निकाल आमच्याकडे आजवर शेजाऱ्याच्या मुलाकडे पाहून लागत असे. शेजाऱ्याचा मुलगा गळ्यात टाय अडकवून पिवळ्या बसमध्ये चढला, की आपलाही चढला पाहिजे. याहून निराळे प्रमाण कोणी मागत नसे. अलीकडे मात्र या प्रश्नास शास्त्राचा आधार देण्याची प्रवृत्ती दिसू लागली आहे, आणि ती एका परीने स्वागतार्हच म्हटली पाहिजे. कारण जो शास्त्राच्या नावाने बोलतो त्यास शास्त्राची साक्ष तपासून घेण्याची मुभा प्रतिपक्षास द्यावी लागते. पुणतांब्यासारख्या गोदाकाठच्या गावीही गेली दोनतीन वर्षे एक दाखला आमच्या कानी वारंवार पडत आहे. तो दाखला कॅनडाचा. तिकडे इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील मुले पहिल्या दिवसापासून फ्रेंच शाळेत घालतात, सारे विषय त्यांस फ्रेंचमधून शिकवितात, आणि तरीही ती मुले इंग्रजीत कच्ची राहत नाहीत. मग मराठी मुलास पहिल्या दिवसापासून इंग्रजी शाळेत घातल्याने त्याचे काय बिघडणार आहे, असा हा युक्तिवाद आहे. तो करणारे गृहस्थ अडाणी नसतात. कोणाचा मुलगा टोरांटोस नोकरीस असतो, कोणाची नात तिकडील फ्रेंच शाळेत जात असते, आणि त्या नातीचे फ्रेंच गाणे दूरध्वनीवर ऐकून आजोबांचा ऊर भरून आलेला असतो. नातीचे कौतुक आम्हांसही आहे. परंतु तिच्या गाण्यावरून पुणतांब्याच्या नातवाचे भवितव्य ठरविणे आमच्या मते तर्कास धरून नाही, आणि ते का नाही एवढेच येथे सांगावयाचे आहे.

आरंभीच एक खुलासा करून ठेवणे बरे. इंग्रजी वाङ्मय शिकविणे हाच प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय आहे. त्याच्या घरची चूल त्यावरच पेटते. तेव्हा इंग्रजीच्या द्वेषाचा आरोप त्याच्यावर चिकटविणे कोणासही कठीण जाईल. इंग्रजी भाषा प्रत्येक मराठी मुलास यावी, किंबहुना आज येते त्याहून पुष्कळ चांगली यावी, असे आमचे मत आहे. आणि ते तसे असल्यामुळेच आजच्या इंग्रजी माध्यमावर आमचा आक्षेप आहे.

आता कॅनडाची हकीकत. माँट्रिअल शहरानजीक सेंट लँबर्ट नावाचे एक उपनगर आहे. क्वेबेक प्रांतात बहुसंख्य लोक फ्रेंच भाषिक; परंतु 1960 च्या सुमारास तेथील बडा व्यापार, बँका आणि कारखानदारी यांचा कारभार मुख्यतः इंग्रजीतून चाले, आणि इंग्रजी भाषिक कुटुंबे फ्रेंचवाचून सुखाने राहत. पुढे वारे फिरले. फ्रेंच लोक आपल्या भाषेचा हक्क मागू लागले, आणि या उपनगरातील काही आईबापांच्या ध्यानी आले की, शाळेत वर्षानुवर्षे फ्रेंच हा विषय शिकूनही आपल्या मुलांस शेजाऱ्याशी धड चार वाक्ये बोलता येत नाहीत. त्यांनी शाळेच्या चालकांशी झगडून 1965 साली बालवर्गाची एक तुकडी फ्रेंचमधून सुरू करविली. मॅक्गिल विद्यापीठातील मानसशास्त्राचे अध्यापक वॉलेस लँबर्ट यांनी या मुलांची वर्षामागून वर्ष परीक्षा घेतली आणि रिचर्ड टकर यांच्या सहकार्याने 1972 साली तिचा वृत्तान्त ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. मुले आरंभी इंग्रजी वाचनात मागे पडली, पण लवकरच बरोबरीस आली. गणितात ती उणी ठरली नाहीत. फ्रेंच त्यांस उत्तम समजू लागले. बोलण्यात व लिहिण्यात मात्र जन्मतः फ्रेंच असलेल्या मुलांची सर त्यांस आली नाही, हे पुढील अभ्यासकांनी दाखवून दिले. असो. येथवर आमच्या मित्रांचा दाखला खरा आहे.

परंतु प्रयोगाचे फळ सांगावयाचे आणि प्रयोगाच्या अटी सांगावयाच्या नाहीत, ही वैद्याचे औषध उचलून पथ्य वैद्याकडेच ठेवून येण्याची रीत झाली. त्या मुलांची स्वभाषा कोणती होती? इंग्रजी. साऱ्या खंडावर जिचे राज्य, बापाची कचेरी जिच्यात चाले, आई जिच्यातील गोष्टीचे पुस्तक रोज रात्री उशाशी बसून वाची, दुकानाची पाटी, वर्तमानपत्र आणि चित्रपट जिच्यात, अशी ती भाषा. शाळेने तिचे एक अक्षर शिकविले नसते तरी तिच्या केसास धक्का लागला नसता. शाळेने तर ते शिकविले! दुसऱ्या इयत्तेपासून इंग्रजीचे वाचनलेखन सुरू झाले, आणि प्राथमिक शाळा संपता संपता जवळजवळ अर्धे शिक्षण इंग्रजीतून होऊ लागले. वर्गातील शिक्षिकेची जन्मभाषा फ्रेंच होती, आणि मुलाचे इंग्रजीही तिला समजत होते. मुलाने इंग्रजीत पाणी मागितले तर ती फ्रेंचमध्ये उत्तर देई व पाणीही देई. स्वभाषा बोलल्याबद्दल कोणास बाकावर उभे केले नाही, कोणाच्या खिशातून दहा रुपये काढून घेतले नाहीत.

खुद्द लँबर्ट यांनीच पुढे या बाबतीत एक भेद करून ठेवला आहे, आणि तो आमच्या मित्रांनी वाचलेला दिसत नाही. दुसरी भाषा शिकण्याचे दोन प्रकार आहेत, असे ते म्हणतात. एका प्रकारात पहिली भाषा जागच्या जागी राहते आणि दुसरी तिच्यात मिळते; ही बेरीज. दुसऱ्या प्रकारात दुसरी येते ती पहिलीस उठवून तिच्या जागी बसते, ही वजाबाकी. ज्या मुलाची भाषा समाजात सबळ व प्रतिष्ठित आहे त्याच्या वाट्यास बेरीज येते. ज्याची भाषा दुबळी मानली गेली, किंवा जिची शाळेतच लाज शिकविली जाते, त्याच्या वाट्यास वजाबाकी येण्याचा धोका मोठा. कॅनडाचा दाखला देणाऱ्याने आपले मूल यांपैकी कोणत्या खान्यात बसते एवढे तरी पाहावयास नको काय?

या पद्धतीस तिकडे 'इमर्शन' म्हणतात. शब्दशः अर्थ पाण्यात बुडविणे. आमच्या भाषेत बुडविण्याच्या क्रियेस दोन शब्द आहेत आणि गोदावरीच्या काठी राहणाऱ्यास त्यांतील फरक समजावून सांगावा लागू नये. पर्वणीस लोक पुणतांब्याच्या घाटावर येतात, धोतर-लुगड्याचा पीळ काठावर ठेवतात, पाण्यात उतरून बुडी मारतात, आणि वर येऊन पुन्हा त्याच काठावर कोरडे होतात. हे स्नान. भाद्रपदात अनंत चतुर्दशीस त्याच पाण्यात शाडूची मूर्ती सोडतात. तिला वर येणे नसते. हे विसर्जन. बुडविणे दोहोंतही आहे, पाणीही तेच आहे. फरक आहे तो काठाचा. सेंट लँबर्टच्या मुलास काठ होता. तो रोज सकाळी फ्रेंचमध्ये उतरे आणि रोज सायंकाळी भरभक्कम इंग्रजीवर येऊन उभा राही. आमच्या मुलाचा काठच आम्ही शाळेच्या दारात काढून घेतो.

आमच्याकडील व्यवस्था कशी असते, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने जून महिन्यात सकाळी साडेसात वाजता पुणतांब्याच्या रस्त्यावर उभे राहावे. राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर या बाजूंस मुले वाहून नेणाऱ्या गाड्या धुरळा उडवीत जातात. त्यांत बसलेल्या मुलांची आईबापे बहुधा शेतकरी, छोटे दुकानदार, कारखान्यातील नोकरदार, आणि आमच्यासारखे पांढरपेशे. कांद्याचा भाव उतरला तर ज्याचे वर्ष बिघडते, तो मनुष्य एका मुलामागे वर्षाला हजारो रुपये फी भरतो, गाडीभाडे निराळे, गणवेश निराळा, आणि तिसरीपासून शिकवणी निराळी. ही शिकवणी कशाची असते, याची चौकशी आम्ही मुद्दाम केली. शाळेत इंग्रजीतून सांगितलेले परिसर अभ्यासाचे धडे सायंकाळी शिकवणीच्या बाई मराठीत समजावून देतात, आणि मग त्यांची इंग्रजी उत्तरे पाठ करून घेतात! म्हणजे ज्ञान अखेर मराठीच्याच दारातून येते. फक्त ते मागील दाराने, दिवेलागणीस, जास्तीचे पैसे मोजून येते. ज्या शिक्षिकेने ते सकाळी इंग्रजीत सांगितले, तिचा या प्रकारात दोष किती, हाही विचार करण्यासारखा प्रश्न आहे. ती बिचारी स्वतः मराठी शाळेत शिकलेली, पाचसात हजारांवर राबणारी, आणि वर्गात इंग्रजीच बोलण्याचा हुकूम पाळणारी असते. सेंट लँबर्टची शिक्षिका आपल्या मातृभाषेतून शिकवीत होती. आमची शिक्षिका मुलांइतकीच बुडालेली असते. बुडणाऱ्याने बुडणाऱ्यास पोहणे शिकवावे, असा हा देखावा आहे.

परिणाम आम्हांस महाविद्यालयात भेटतो. प्रथम वर्षाच्या वर्गात आम्ही दरसाल एक साधे काम देत असतो: घरातील कोणा वडील माणसास दहा ओळींचे पत्र लिहावे, मराठीत किंवा इंग्रजीत, ज्याची जी खुशी. मराठी शाळांतून आलेली मुले अशुद्ध का होईना, पण पत्र लिहितात. त्यात आजीच्या गुडघ्याची चौकशी असते, म्हशीच्या रेडकाची बातमी असते. बारा वर्षे इंग्रजी माध्यमात काढून आलेल्यांपैकी काहींची इंग्रजी पत्रे खरोखर चांगली असतात. ही मुले बहुधा अशा घरांतील, जेथे दोनतीन पिढ्या पुस्तके वाचली गेली आहेत, म्हणजे ज्यांस काठ होता. पण उरलेल्यांची पत्रे पाहून जीव गलबलतो. प्रकृती बरी नसल्याने रजा मिळावी, हा शाळेत घोकलेला अर्जच काही जण आजोबांच्या नावे उतरवून काढतात. काही जण कोरा कागद परत देतात. मराठीत का नाही लिहिले, असे विचारता, "सर, मराठी लिहिता येत नाही," आणि इंग्रजीत का नाही, असे विचारता, खाली मान. ही मुले मंदबुद्धीची नव्हेत. मोटारसायकलीचे यंत्र खोलून पुन्हा जोडणारी, हिशेबास चोख, वर्गाबाहेर तोंडाळ अशी ही मुले. त्यांच्या मनात सांगण्यासारखे पुष्कळ असते. ज्यात ते सांगावे असे भांडेच त्यांच्या हाती कोणी दिलेले नसते.

कोऱ्या कागदाची गोष्ट निघाली, आणि ती पुणतांब्याच्या संदर्भात निघाली, म्हणजे चांगदेवांची आठवण अपरिहार्य आहे; त्यांची समाधी याच गावी आहे. आख्यायिका सर्वश्रुत आहे. चौदाशे वर्षे योगबलाने जगलेल्या चांगदेवांनी ज्ञानेश्वरांस पत्र लिहावयास घेतले, आणि मायन्याशीच लेखणी अडली. वयाने लहान म्हणून चिरंजीव लिहावे, तर ज्ञानाने थोर. तीर्थरूप लिहावे, तर वय पोरसवदा. शेवटी त्यांनी कागद कोराच धाडला. मुक्ताबाई तो पाहून हसली, आणि ज्ञानेश्वरांनी त्या कोऱ्या कागदास पासष्ट ओव्यांचे उत्तर पाठविले. चांगदेवांचा कागद कोरा राहिला तो शब्द फार जाणल्यामुळे. दोन मायन्यांतील अंतर ज्यास दिसते त्याचीच लेखणी असा अडथळा खाते. आमच्या विद्यार्थ्याचा कागद कोरा राहतो, कारण त्यास एकही मायना ठाऊक नाही. त्याच्या कागदास उत्तर पाठविण्यास कोणी ज्ञानेश्वर बसलेला नाही; परीक्षक त्यावर शून्य लिहितो आणि पुढचा कागद घेतो.

हा केवळ पत्राचा आणि भावनेचा प्रश्न आहे असे कोणी समजू नये. जमिनीचा सातबारा मराठीत आहे, फेरफाराची नोंद मराठीत आहे, सोसायटीच्या सभेचे इतिवृत्त मराठीत आहे. आजोबांनी घडी उलगडून पुढे केलेला उतारा ज्यास वाचता येत नाही, एकोणऐंशी म्हणजे किती हे ज्यास विचारावे लागते, तो मुलगा बाजारसमितीत आणि तलाठ्यापुढे परक्यासारखा उभा राहतो. 1 जून 2017 रोजी याच पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष या गावाकडे वळले. त्या संपाच्या गुणदोषांची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. पण तो ग्रामसभेत बोलून, ठराव लिहून, कागदावर मागण्या मांडून उभा राहिला होता, आणि ते सारे मराठीत झाले होते. ज्यांनी ते केले त्यांचीच नातवंडे आज पिवळ्या गाड्यांत बसून जातात. उद्या गावास पुन्हा काही मागावयाचे झाल्यास ठराव कोण लिहिणार?

आता प्रतिपक्षाचे सर्वांत बळकट म्हणणे घेऊ. ते असे की, मराठीचा हा कळवळा ज्यांच्या घरी इंग्रजी आधीच येऊन बसली आहे त्यांस शोभतो. ज्या जातींस शतकानुशतके विद्येच्या दारात उभे केले नाही, त्यांच्या मुलांना इंग्रजी हीच शिडी आहे. ती काढून घेऊ पाहणारे मातृभाषेचे नाव पुढे करीत असतील, पण त्यांच्या पोटात दुसरेच काही आहे. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सावित्रीबाई फुले यांनी 1854 च्या 'काव्यफुले' या संग्रहात इंग्रजीची थोरवी गायिली आहे, आणि ती कोणत्या यातनांतून गायिली हे आम्ही विसरत नाही. पण त्याच सावित्रीबाईंनी मुलींस शिकविले ते कोणत्या भाषेत? मराठीत. जोतीरावांस मुलींच्या शाळेची प्रेरणा मिळाली ती आमच्याच नगर शहरात, सिंथिया फरार या अमेरिकन बाईंच्या शाळा पाहून. आणि त्या मिशनऱ्यांचे काम मराठीत चाले. त्यांचे 'ज्ञानोदय' हे पत्र नगरास 1842 साली निघाले ते मराठी पत्र म्हणून. ज्यांस आमचा धर्म पालटावयाचा होता, त्यांनीही हे ओळखले होते की, माणसाच्या अंतःकरणात शिरावयाचे तर त्याच्याच भाषेच्या वाटेने शिरले पाहिजे. डॉक्टर आंबेडकरांचे इंग्रजी ग्रंथ जगाने वाखाणले; पण मुक्यांस वाचा देण्याची वेळ आली तेव्हा, 1920 साली, त्यांनी 'मूकनायक' मराठीत काढला. या तिघांपैकी कोणीही इंग्रजी आणि मराठी यांत निवड केली नाही. दोन्ही हात वापरले. आज गरिबाच्या मुलास शिडी म्हणून जी वस्तू विकली जाते, तिच्या खालच्या पायऱ्या काढलेल्या असतात. पैसे मात्र पुऱ्या शिडीचे घेतले जातात. हे म्हणणे शिडी काढून घेण्याचे कसे होते, ते आम्हांस कळत नाही.

हा वाद नवा नाही. 1840 नंतरच्या दशकात मुंबईच्या शिक्षणमंडळात अध्यक्ष अर्स्किन पेरी यांनी इंग्रजी माध्यमाचा आग्रह धरला, आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी त्यास कसून विरोध केला. शंकरशेट इंग्रजीचे शत्रू नव्हते. मुंबईतील इंग्रजी शिक्षणाच्या संस्था त्यांनीच उभ्या केल्या होत्या. त्यांचे सांगणे एवढेच होते की, बहुजनांपर्यंत ज्ञान पोहोचावयाचे तर ते देशी भाषेतूनच पोहोचेल. त्यापुढील व्यवस्थेत मुले आधी मराठी इयत्ता उरकीत, मग 'इंग्रजी पहिली'त बसत. रानडे, टिळक, आगरकर ही नावे त्या क्रमातून निघाली, आणि त्यांचे इंग्रजी कच्चे होते असे अद्यापि कोणी म्हटलेले ऐकिवात नाही. दूर कशाला, गोदावरीच्या पलीकडे वैजापुराकडे 1948 पर्यंत निजामाचे राज्य होते, आणि तेथील मराठी मुलांस वरचे शिक्षण उर्दूतून घ्यावे लागे. 1918 साली निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. त्या पिढीतील शिकलेल्या माणसांची उर्दू खानदानी होती, ऐकतच राहावी. पण शिकलेली माणसे होती किती? निजामाच्या मराठवाड्यातील निरक्षरतेची कहाणी तेथील वृद्धांस विचारावी. परक्या माध्यमाने निवडक लोक तयार होतात, याविषयी वाद नाही. वाद आहे तो उरलेल्यांचे काय होते याविषयी.

मग मराठी शाळा जशा आहेत तशाच गोड मानाव्यात काय? मुळीच नाही. दोन शिक्षकांवर चार इयत्ता, शिक्षक कधी निवडणुकीच्या कामास तर कधी कुठल्याशा माहितीचे रकाने भरण्यास जुंपलेला, भिंतीस ओल: हे पाहून बाप मुलास तेथून काढतो, तर त्यास दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी विषय आला. तो शिकविण्यास तयार शिक्षक आला काय, हे कोणी पाहिले नाही. प्रस्तुत लेखकाची पिढी पाचवीत इंग्रजीची मुळाक्षरे शिकली. तोवर मराठीत वाचण्याची गोडी लागलेली असल्यामुळे इंग्रजी आमच्या जिभेवर उशिरा बसली पण हाती लवकर आली. गणित व विज्ञान तेवढे इंग्रजीतून शिकविण्याची जी मधली तोड आज निघाली आहे, तीविषयी सविस्तर पुन्हा कधीतरी. तूर्त एवढेच की, ज्या विषयांत समजणे सर्वांत महत्त्वाचे तेच विषय परक्या भाषेस वाहून देण्यात शहाणपण कोणते, ते आम्हांस उमगलेले नाही.

2025 च्या एप्रिलात शासनाने पहिलीपासून हिंदी आणण्याचा निर्णय काढला, महाराष्ट्र खवळला, आणि 29 जून रोजी तो निर्णय मागे घेण्यात आला. लहान मुलांवर तिसऱ्या भाषेचे ओझे नको, हे म्हणणे आम्हांसही मान्य होते. पण त्या दिवसांत मराठीच्या नावाने कंठशोष करणाऱ्या किती जणांची स्वतःची मुले मराठी शाळेत होती? हिंदी हा एक तासाचा विषय येणार म्हणून ज्यांचा संताप अनावर झाला, त्यांच्याच घरी पहिल्या तासापासून शेवटच्या तासापर्यंत इंग्रजी येऊन बसली होती, आणि तिच्यासाठी ते फी भरीत होते. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटले गेले. पेढ्याची पुडी ज्या वर्तमानपत्रात बांधली होती ते वर्तमानपत्र घरातील धाकट्यास वाचता येत होते काय, असा प्रश्न त्या मंगल प्रसंगी विचारणे अर्थात शिष्टाचारास सोडून झाले असते.

टोरांटोच्या त्या नातीकडे शेवटी पुन्हा वळले पाहिजे, कारण दाखला तिचाच आहे. तिच्या घरी मराठी, रस्त्यावर इंग्रजी आणि शाळेत फ्रेंच. तिची फ्रेंच व इंग्रजी कोठे जात नाहीत. त्यांच्यामागे एकेक राज्य उभे आहे. तिची मराठी मात्र आईबापांच्या जिद्दीवर टिकून आहे. उत्तर अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांनी सुट्टीच्या दिवशी भरणाऱ्या मराठी शाळा काढल्या आहेत, आणि थंडीवाऱ्यात लांबचा पल्ला गाडी हाकून तेथे मुले नेणारी आईबापे आहेत. तीसुद्धा एका तासाच्या बाराखडीसाठी. म्हणजे ज्या कॅनडाचा दाखला आम्हांस दिला जातो, तेथील मराठी माणूस आपल्या मुलास काठ बांधून देण्यासाठी धडपडत आहे. आणि पुणतांब्यास, जेथे काठ जन्मतःच पायाखाली आहे, तेथे आम्ही तो फी भरून उकरून काढीत आहोत.

ज्यांस एवढे वाचूनही मूल इंग्रजी शाळेतच घालावयाचे असेल त्यांनी खुशाल घालावे. कायद्याने त्यांस तो अधिकार आहे. परंतु पहिला हप्ता भरण्यापूर्वी कचेरीत बसून चार प्रश्न विचारावेत. पहिलीस कोण शिकविते, आणि त्या बाई स्वतः इंग्रजी पुस्तके वाचतात काय? मुलास मराठीत लिहितावाचता केव्हापासून येईल, आणि त्यासाठी आठवड्यास किती तास आहेत? पाणी मराठीत मागितले तर मिळेल काय? समजले नाही असे मराठीत सांगितले तर शिक्षा होईल काय? आमच्या परिचयाच्या एका पालकाने गेल्या उन्हाळ्यात हे प्रश्न एका शाळेत खरोखरच विचारले. मुख्याध्यापिकाबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतले, आणि शिपायास बोलावून त्यांस संगणकाची खोली दाखवून आणण्यास सांगितले.